भाऊंच्या जीपचा चौथा टायर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे एक टायर बसवला. ती टायरवर उभी राहिली आणि मी टामी मारली. चाळीस वर्षं आम्ही हेच करत आलो, म्हणून त्या वेळी त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं पंक्चरचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, आणि घराचं दार दुकानातूनच. जाड टायर रिमवर चढवायचा तर एका बाजूचा काठ आत दाबून धरावा लागतो, नाहीतर दुसरीकडं टामी, म्हणजे लोखंडी पट्टी, मारली की आधीचा उसळून बाहेर येतो. बाकी दुकानांत त्या काठावर एखादा गडी उभा करतात. आमच्याकडं बुढी, म्हणजे माझी बायको, उभी राहायची. पदर खोचून, एक हात माझ्या डोक्यावर टेकवून. वजन तिचं कमीच, पण कधी कुठं सरकायचं ते तिला कळायचं. मला तोंडानं सांगावं लागलं नाही.

ती जीप भाऊंची. भाऊ म्हणजे आमच्या जिल्हा परिषद सर्कलमधले होऊ घातलेले पुढारी. निवडणुकीचा पत्ता नव्हता, पण भाऊंचे हात आतापासून जोडलेले असायचे. त्यांनी जुनी जीप घेतली, स्प्रिंगच्या पाट्यांत ठोकळे घालून ती वीतभर उचलली, मडगार्ड गॅसकटरनं कापले, आणि कुठल्याशा लिलावातून मिलिटरीचे चार टायर आणले. कमरेएवढे. नक्षी अशी खोल की चिखलातून तोफ ओढून न्यावी. भाऊंचा रोजचा प्रवास तहसील ते ढाबा, आणि मधे सगळं डांबर.

मी विचारलं, कोणत्या लढाईवर निघाले? तर म्हणाले, मामा, जनतेत जायचं म्हणजे उंचावर बसावं लागते, जनता पूर्ण दिसली पाहिजे. हे ते मनापासून बोलले. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

जुने टायर काढून मी लिंबाखाली टाकले. पहिला मिलिटरी टायर चढवून जीपला लागला तशी भाऊंनी बुढीला वर बसून फोटो काढायचा आग्रह धरला. माउलीचा आशीर्वाद पाहिजे म्हणे. तिनं पाय ठेवायची जागा पाहिली. ती तिच्या मांडीच्याही वर होती.

"चढले त उतरवाले कोन येईन, भाऊ?" ती म्हणाली. "मत पडलं का तुमी दिसत नाई."

भाऊ मोठ्यानं हसले. मग त्यांच्यासोबतची माणसं, भाऊ हसले हे पाहून हसली.

टायर वर्षानुवर्षं पडून दगड झाले होते. साबणाचं पाणी लावलं तरी ऐकेनात. दुसऱ्याला तिला दम लागला. मी विचारलं, थांबू का वं? पण हातातली टामी खाली न ठेवता विचारलं. असं विचारल्यावर कोणी हो म्हणत नाही. ती म्हणाली, हा एक घ्या, मंग पडते मी थोडी. तिसऱ्यावर उभी राहिली. माझ्या डोक्यावरचा हात जड लागला तेव्हा मला वाटलं, मन लावून दाबून राहिली.

तिसरा बसला. ती उतरली आणि चहा न घेता आत गेली. मी मात्र बाहेरच. नट कसले, हवा भरली, भाऊंना टायरवर हात मारून दाखवला आणि स्वतःची तारीफ करून घेतली. चौथा सकाळी करू म्हणालो. जीप दुकानापुढं आडवीच राहिली, तीन चाकांवर, चौथ्या जागी जॅक आणि लाकडाचा ठोकळा.

दिवेलागणीला आत गेलो तर ती गेली होती. भिंतीकडं तोंड करून. मी आधी हाक मारली, मग पाय हलवला. पायाला साबण तसाच वाळलेला होता. डॉक्टर आले, हृदय म्हणाले. मी त्यांना टायरचं सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. इथंच पहिल्यांदा लिहितो आहे.

माणसं जमायला लागली. दाराशी जीप, त्यामुळं प्रत्येकाला तिला वळसा घालून, अंग चोरून आत यावं लागे. बाया सरळ आत येऊन रडल्या. पुरुष आधी टायरजवळ थांबत, बोटानं ठोकून पाहत, मग चेहरा पाडून आत येत. एकजण माझ्याजवळ बसला, बराच वेळ मान हलवत राहिला आणि मग त्यानं हळूच विचारलं की एवढ्या टायरवर जीप ॲव्हरेज किती देईन. मी म्हणालो, माहीत नाई. तो म्हणाला, लय खाईन.

लेक पुण्याहून सकाळी पोचणार होती, म्हणून माती दुसऱ्या दिवशी ठरली. आणि मला एकच गोष्ट दिसत होती. जीप अशी आडवी राहिली तर तिरडी दारातून तिरपी करून काढावी लागणार, कपाट काढतात तशी. मला ती सरळ बाहेर यायला पाहिजे होती, चौघांच्या खांद्यावर. बाकी काही नको होतं.

मग भाऊ आले. सोबत फ्लेक्स. एवढ्या लवकर तो छापून कसा झाला ते त्यांनाच माहीत. भावपूर्ण श्रद्धांजली. बुढीचा फोटो आधार कार्डावरचा, कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मधोमध भाऊ, गॉगल लावून, हात जोडून. अनोळखी माणसाला वाटावं, गेले ते हेच.

भाऊंनी माझा हात धरला. म्हणाले, मामीले आपल्या जीपमधूनच नेऊ, सगळ्या सर्कलनं पाह्यलं पाहिजे. जीपचं उद्घाटनही त्यातच होईल, हे ते बोलले नाहीत, पण हाराचं माप मात्र बॉनेटचं घेऊन झालं होतं. तेवढा चौथा टायर सकाळी चढवा म्हणाले, त्यांचा माणूस काठावर उभा राहील.

मी म्हणालो, "तिच्या जागी तुमचा मानूस नाई चालत. तुमी सोता उभे राहा. चपला काढून."

भाऊंनी साबणाच्या बादलीकडं पाहिलं, मग आपल्या पांढऱ्या पायजम्याकडं. सकाळी पाहू म्हणाले.

फोनवर लेकीला हे कळलं. ती रडत म्हणाली, "बाबा, भांडू नका. नेऊ द्या जीपमधून. आई काय पाह्यते आता?"

तिचंही खोटं नव्हतं. मी फोन शेजारणीच्या हातात दिला.

सकाळी उजाडताच मी लिंबाखालचा एक जुना टायर ओढून आणला. मयताच्या घरी काम काढलं म्हणून शेजारी कुजबुजले. कुजबुजू दिलं. लहान टायर एकट्या माणसालाही चढतो, गुडघ्यानं दाबला की झालं. ट्यूब घातली, हवा भरली, चाक लावलं, नट कसले आणि जॅक उतरवला. जीप त्या बाजूनं खाली बसली. तीन चाकं लढाईची, एक बाजारची.

भाऊ हार घेऊन आले आणि जीपकडं पाहतच राहिले.

"मामा, हे काय करून ठेवलं? आता ही चालते तरी का?"

"चालते ना. जनतेत जाईन, पन थोडी वाकून."

तेवढ्यात लेक आली आणि आत रडणं उठलं. खांदा द्यायला आलेल्यांना मी म्हणालो, आधी इकडं हात लावा. त्यांनी भाऊंची जीप ढकलत रस्त्याच्या पलीकडं नेली. मी दारापुढची जागा झाडली, नट-वायसर वेचले, पाणी मारलं. मग हात धुऊन आत गेलो. बुद्धवंदना झाली. पुढचा डावा खांदा मी कोणाला दिला नाही. दम लागला तेव्हा एकानं मागून विचारलं, थांबू का, मामा? मी हो म्हणालो. सगळे थांबले.