पायाळू ठमाबाईचा पाय

ठमाबाई जन्मली ती पाय आधी बाहेर टाकून. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिची नि माझी वाडी. तिथे अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पाठीत उसण भरली की डॉक्टरच्या आधी त्याच्याकडे जातात. दुखणाऱ्याने पालथे पडायचे, पायाळूने पाठीवर पाय द्यायचा.

मीही पडलो आहे. आमचे नाटक मंडळ जत्रांतून खेळ करी. एकदा मुकुट चढवून झाला आणि माझी पाठ धरली. बाहेर अख्खे गाव बसलेले, आत राजा पालथा! ठमाबाईला प्रेक्षकांतून उठवून आणले. तिने अलगद पाय टेकला नि म्हणाली, "उठा म्हाराज, लोकं खोळंबलीत." मी उठलो. त्या खेळाच्या निम्म्या टाळ्या मी आजही तिच्याच मानतो.

ही बाई जन्मभर रानातून गवताचे भारे डोक्यावरून उतरवत आली. पाळी लवकर गेली. घरातले दूध पुरुषांना आणि चहाला. साठीनंतर तिचे लुगडे पायांत येऊ लागले, तर ती विणकराला नावे ठेवी. उंची घटते आहे हे ना तिच्या ध्यानात आले, ना आमच्या.

२००२ साली लावणी उरकली आणि कळशी उचलताना तिच्या पाठीत काहीतरी मोडल्यासारखे झाले. मुलगा भरत मुंबईहून निरोप धाडी, डॉक्टरकडे जा म्हणून. पण जिने साऱ्या वाडीच्या पाठी मोकळ्या केल्या, ती आपली पाठ दुसऱ्या कुणाला कशी दाखवणार? तिने कशेडीकडचा हैबती बोलावला. तोही पायाळू, पण तरणा, अंगाने दांडगा. त्याने मनापासून भार देऊन पाठीवर पाय दाबला. ठमाबाई ओरडली नाही. फक्त उठली नाही.

मग भरत आला आणि आम्ही तिला महाडला नेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. एक मणका आधीच खचलेला, शेजारचा नुकताच चेपलेला. हाडे आतून विरळ झाली आहेत, म्हणाले. पाळी गेल्यावर बायकांत हे फार होते, आणि हाड मोडेपर्यंत कळत नाही. आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. दूध, नाचणी, सकाळचे ऊन, थोडे चालणे. वाकून ओझे उचलायचे नाही, शेवाळावर पाय टाकायचा नाही. गेलेली उंची परत येणार नव्हती, उरलेली सांभाळायची होती.

ठमाबाईने एवढेच विचारले, "मी ज्यांना पाय दिला, त्यांची हाडंपण अशीच असतील?"

डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या बायकांपैकी काहींची असतील.

दिवाळीनंतर कमळाबाई आली. दोघींनी सारी उमर जोडीने भारे वाहिलेले. आली ती पडवीत पालथीच पडली. "दे गो पाय. पार मोडलंय."

ठमाबाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "नाय द्यायची. आधी महाडला चल, फोटो काढ. मी येते संगती."

"डॉक्टरीण झालीस होय? आता तुझा पाय आमच्या पाठीला लागायचा नाय." कमळाबाई भिंत धरून उठली आणि चालू लागली. ठमीला माज चढला, हे वाडीभर झाले. तिच्या पडवीत कुणी येईना. कमळाबाईने हैबतीला बोलावले.

शिमगा आला तरी कमळाबाई अंथरुणातच होती. ठमाबाई काठी टेकत उतार उतरून तिच्याकडे गेली. मी सोबत होतो. कमळाबाईने तोंड भिंतीकडे फिरवले. तशीच म्हणाली, "तू दिला असतास, तर मी उठले असते. तुझा पाय हलका होता गो."

ठमाबाईने महाडचे काही सांगितले नाही. आणलेली नाचणीची पेज तिने वाटीत ओतली, चमचा कमळाबाईच्या ओठांशी नेला. ओठ उघडले नाहीत. पेज निवून गेली, तरी ठमाबाई चमचा तसाच धरून बसली होती.