जिनिंगचं फाटक

आई गेल्यापासून बाबा बोलत नव्हते. ताट पुढे केलं की जेवायचे, हाक मारली की बघायचे, बस्स. मला तर रडूही आलं नव्हतं. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला, आत नुसता बधिरपणा होता. भेटायला आलेला जो तो सांगून जायचा, त्यांना बाहेर काढ, बोलतं कर, नाहीतर माणूस हातचा जाईल.

म्हणून एका सकाळी त्यांना स्कूटरवर बसवून परभणीतल्याच जुन्या जिनिंगवर नेलं. कापसातून सरकी काढायच्या त्या कारखान्यात आईबाबा दोघंही राबले. तो बंद पडला, जागेचा उकिरडा झाला, आणि आता तिथं पाणी अडवून पक्ष्यांसाठी राखीव पाणथळ केलीय. फाटक मात्र तेच.

फाटकाशी बाबांनी खिशातून काडेपेटी काढून रखवालदारापुढे ठेवली. कापसाला आग लागू नये म्हणून पूर्वी कामगारांना ती बाहेर ठेवूनच आत जावं लागे.

"काका, ठिवा खिशात. पाण्याला काय आग लागायलीय?" रखवालदार हसला. बाबांनी काडेपेटी उचलली नाही.

आत लव्हाळं माजलं होतं. यंत्रांचे चौथरे पाण्यातून वर आले होते, एकावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता. मी टिबुकली दाखवली, पाणकोंबडी दाखवली, शाळेची सहल आणल्यासारखा बडबडत राहिलो. खरं सांगायचं तर मलाही त्या पक्ष्यांचं सोयरसुतक नव्हतं. बाबा पलीकडच्या पाण्याकडे बघत होते. तिथं बायकांची शेड होती, आई तिथं बसून कापसातला कचरा वेचायची. सुट्टी झाली की पुरुष आधी बाहेर पडत. ओच्यात कापूस लपवलाय का, अशी बायकांची झडती होई, त्या मागून सुटत. बाबा रोज सायकल धरून फाटकाशी थांबायचे.

बाहेर आलो. रखवालदारानं काडेपेटी परत दिली. मी स्कूटर सुरू केली, पण बाबा बसेनात. फाटकाकडे तोंड करून उभे.

"चला बाबा, ऊन व्हायलंय."

"थांब की," बाबा म्हणाले. "बायका न्हाईत सुटल्या अजून."

किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला. मी स्कूटर बंद केली, परत स्टँडला लावली, आणि फाटकाकडे बघत त्यांच्या शेजारी उभा राहिलो.