सावकाश वर येणारे आतोबा

आमच्या आतोबांइतका सावकाश वर येणारा माणूस उभ्या पालघर तालुक्यात सापडला नसता. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, पेशाने पाणबुडे. मच्छीमारांच्या बुडालेल्या बोटींतून इंजिनं सोडवून आणायची, हा त्यांचा धंदा. खोल पाण्यातून एकदम वर आलं तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो, म्हणून वाटेत थांबत थांबत यायचं. हा पाण्यातला नियम त्यांनी जमिनीलाही लावला होता. बोईसरच्या घराचा जिना चढताना ते प्रत्येक वळणावर घड्याळ बघत उभे राहत. मागे रात्रपाळीहून आलेला शेजारी कळवळायचा, "चाचा, सोने तो जाने दो!" आतोबा शांतपणे म्हणत, "घाई अंगाशी येते, भाऊ." पाटावरून उठतानाही आधी गुडघ्यावर मुक्काम. आत्या म्हणायची, "लग्नात अंतरपाट दूर झाला, तरी हे मान वर करायला तयार नव्हते!"

अशा माणसाचं कोळ्यांशी कसं जमावं? ते खाली गेले की त्यांच्या कमरेचा दोर होडीवर कोणीतरी धरायचा, आणि हातातला दोर हलला की ओढायचा हे कोळ्याच्या रक्तातच. "एक हिसका म्हणजे मी खुशाल," असं दहादा घोकून घेतलं तरी पहिल्याच हिसक्याला आतोबा वर! पाणी उथळ असे म्हणून निभावलं. "मी काय घोळ मासा आहे?" असं ते ओरडत, आणि कोळी ओशाळून म्हणत, "काय करू दादा, हात आयकत नाय."

एका पौषात तारापूरसमोर, वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट खोल पाण्यात एका ओळखीच्या तांडेलाची बोट बुडाली. बाकीचे वाचले, त्याचा धाकटा भाऊ आतच राहिला. दुसऱ्या दिवशी आतोबा त्याला आणायला निघाले, तेव्हा दोर मीच धरणार म्हणून तांडेल हटून बसला. मीही होडीत होतो. आतोबांनी त्याचे दोन्ही हात धरले. "तो सापडला की दोन हिसके देईन. तरी ओढायचं नाही. ओढलंस तर मीही गेलो."

"नाय वढनार, दादा."

बऱ्याच वेळाने दोन हिसके आले आणि दोर जड झाला. तांडेल रडत होता, भावाला हाका मारत होता, पण दोर त्याने वीतभरही ओढला नाही. आतोबांचे थांबे संपेपर्यंत, चांगला अर्धा तास, तो तसाच बसून राहिला. भावाला होडीत घेतलं तरी त्याच्या मुठी उघडेनात. थंडीने काकडणाऱ्या आतोबांनी त्याचं एकेक बोट सोडवलं. "झालं रे, आला तो," म्हणत राहिले.

आतोबांना जाऊनही आता वर्षं लोटली. त्यांची थट्टा करायला मी कुठेही बसतो; इथवर आलो की मात्र त्यांच्यासारखाच वाटेत थांबतो.