सात माणसं आरामात

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी घेतली तेव्हा मी बारावीत होते. त्या गाडीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. शिरोलीत त्यांची लोखंड ओतायची छोटी फौंड्री होती. धंदा जरा बरा चालला आणि दारात गाडी आली, जीपपेक्षा भारी आणि बड्या लोकांच्या गाड्यांपेक्षा स्वस्त. येईल त्याला आण्णा बॉनेटवर थाप मारून सांगायचे, "पॉवर स्टेअरिंग हाय, एसी हाय, सात माणसं आरामात. एवढ्या पैशात अशी गाडी दावा की कुठं!"

आराम? कुणाला आराम? पुढं आण्णांच्या शेजारी थोरले काका. मधे धाकटे काका आणि त्यांचे दोस्त. बायकामाणसांनी मागच्या दारानं चढायचं आणि आडव्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. एसीचं वारं तिथवर कधी पोचलंच नाही. वाघबीळ घाटाची वळणं लागली की आईला उलटी व्हायची, आणि थोरले काका मागं न बघताच आण्णांना म्हणायचे, "तिला सांग की, सीटकव्हर नवं हाय!"

आईचं माहेर शाहूवाडीकडचं. तिचा भाऊ लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. पूर्वी ती महिन्या-दोन महिन्यानं एसटीनं त्याला बघून यायची, खिडकीशी बसून, खुशीत. गाडी आली आणि आण्णांनी तिची एसटी बंद केली. "दारात गाडी असताना माझी बायको स्टँडवर उभी? भावकीत तोंड दावू का नको?" आणि गाडी कुठं? आज भावकीतल्या लग्नाला, उद्या कुणाची तरी पोरगी बघायला. मामाचं नाव काढलं की, "जाऊ की पुढच्या रविवारी." असून अडचण, नसून खोळंबा! वर्ष गेलं.

मग निरोप आला, मामाचं जेवण तुटलंय, आता काही खरं नाही. आण्णा म्हणाले, "दुपारी निघू. थोरला येतोय, धाकटाबी येतोय." आईनं पिशवी भरली, मला म्हणाली, "चल." आम्ही सरळ स्टँडवर जाऊन एसटीत बसलो.

वाटेत बांबवड्यात एसटी थांबली आणि मागनं आमची गाडी हॉर्न ठोकत आली. आण्णा खिडकीखाली, तोंड लालबुंद. "उतर खाली! इज्जत घालवतीस व्हय माझी?"

अख्खी एसटी बघत होती. आईनं विचारलं, "पुढची सीट रिकामी हाय काय?"

आण्णांनी वळून बघितलं. थोरले काका खिडकीवर कोपर टेकून बसले होते. ते हलले नाहीत. मेले हलतील कशाला!

"मग मी हितंच बरी हाय," आई म्हणाली. कंडक्टरनं घंटी मारली.

मामानं तिला ओळखलं. तिचा हात धरून अडखळत म्हणाला, "वरीसभर कुठं हुतीस गं?"

आईनं दाराकडं बघितलं. बाहेर अंगणात आण्णा गाडी लावत होते.