दिएपचा भरल्या तोंडाचा फोटो

न्यानबाई शनिवारी घरी सापडल्यात, असं कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरच्या आमच्या व्हिएतनामी वस्तीत कधी घडलं नाही. हातात जुन्या दक्षिण व्हिएतनामचा, तीन लाल पट्ट्यांचा पिवळा झेंडा घेऊन त्या चौकात उभ्या, आणि घोषणा देऊन देऊन घसा बसलेला.

तरुणपणी सायगॉनमध्ये त्या आणि त्यांची मैत्रीण दिएप कम्युनिस्ट सरकारविरुद्ध चोरून पत्रकं छापायच्या. धाड पडली तेव्हा न्यानबाई शाई आणायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. होडीतून निसटल्या आणि कॅलिफोर्नियात येऊन नवरीचे झगे शिवू लागल्या. दिएप मात्र तुरुंगात गेली.

तिला सोडवायचं तर जगाला तिचा चेहरा दिसायला हवा. न्यानबाईंजवळ फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला. दिएपच्या तोंडात अख्खा तळलेला रोल, गाल टम्म, डोळे बाहेर.

"हा?" छापखानेवाले थ्वायभाऊ म्हणाले. "ताई, ही छळ सोसणारी कैदी वाटत नाही हो. पंगतीतून उठवून आणल्यासारखी वाटते!"

"आहे तो छापा!"

छापला. त्याच फुगल्या गालांनी दिएप वर्षानुवर्षं मोर्चांत मिरवली, पुढाऱ्यांच्या टेबलांवर जाऊन बसली.

आणि एका सकाळी दुकानात फोन खणखणला. दिएपला सोडलं होतं. देशात मात्र राहू दिलं नाही, थेट विमानात बसवलं! न्यानबाईंनी हातातला अर्धवट झगा उराशी धरून गिरक्या घ्यायला सुरुवात केली. ज्या नवरीचा झगा, ती माप द्यायला समोरच उभी. तिलाही ओढलं.

विमानतळावर सगळी वस्ती लोटली, प्रत्येकाच्या हातात तोच फोटो. दिएप बाहेर आली. वाळलेली, केस पांढरेशुभ्र. समोर शे-दोनशे दिएप तोंडात घास घेऊन तिच्याकडे बघताहेत. ती जागीच थबकली.

"न्यान, हे काय आहे?"

"तू."

"अगं भवाने! मी आत मूठभर भातावर दिवस काढतेय, आणि तू मला जगभर जेवताना दाखवत होतीस?"

"दुसरा फोटोच नव्हता गं!"

"तरीच तो मेला पहारेकरी म्हणायचा, 'तुझी तक्रार तरी काय? चांगली खातेस-पितेस की!'"

दिएपला हसू फुटलं. न्यानबाई हसत होत्या की रडत होत्या, कुणाला कळेना. हसता हसता दोघी सामानाच्या गाडीवर कोलमडल्या. थ्वायभाऊंनी लगेच गाडी ढकलली, ती सुसाट सुटली, मागून झेंडे घेऊन सगळी वरात धावली, आणि सुरक्षारक्षक ओरडत राहिला.

आता दिएप न्यानबाईंच्या मागच्या खोलीत राहते. आमटीत लसूण किती घालायचा, यावरून रोज वाजतं. शनिवारी दोघी चौकात जातात, कारण तिकडे तुरुंगात अजून पुष्कळजण आहेत. पहिली घोषणा कुणी द्यायची यावरून त्यांची तिथंही जुंपते, आणि सिग्नल हिरवा झाला तरी गाड्या हलत नाहीत.