अण्णांची पाच सेलची बॅटरी

आमच्या घरातली वीतभर बॅटरी बहात्तरच्या दुष्काळात हातभर झाली. त्या वर्षी आमच्या खर्डा गावाच्या आसपास दुसरं काहीही वाढलं नाही.

मी तेव्हा दुष्काळी कामावर खडीचे ढीग मोजायचो. लांबी, रुंदी, उंची. मोजल्याशिवाय माझा कशावरही विश्वास बसत नसे. (लग्नात मी मांडवाचीही मापं घेतली होती, असं बायको सांगते. खोटं नाही.) माझे वडील, अण्णा, रोज दिवेलागणीला घरामागच्या विहिरीवर जायचे. कठड्यावर ओणवं होऊन बॅटरीचा झोत खाली टाकायचे. दिवसभरात किती पाणी झिरपलं ते बघून उद्या गल्लीत कुणाला किती द्यायचं, ते तेच ठरवत.

एके दिवशी ते परत आले आणि म्हणाले, “वसंता, बॅटरीत दम न्हाई. पानी दिसंना.”

मी सेल बदलले.

“न्हाई रं. मिणमिणतीच हाय.”

मी विचार केला. पाणी खाली गेलं, म्हणजे अंतर वाढलं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो! हे मी सुमनला, म्हणजे बायकोला, भाकरी थापता थापता थांबवून समजावून सांगितलं.

“अहो, मी सकाळीच पाणी शेंदलंय. चांगलं दिसतंय की पाणी!”

“तू उन्हात बघतेस. उन्हाला सेल लागत नाहीत.”

ती पुन्हा भाकरी थापायला लागली. मला वाटलं, मी जिंकलो.

जामखेडच्या बाजारातून मी एक मोडकी बॅटरी आणली. तिची नळी कापून, पत्र्याचं काम करणाऱ्या शेखचाचांकडून कथलाचा डाग देऊन आमच्या बॅटरीला जोडून घेतली. आता तीन सेल! घरी येऊन ऐटीत खटका दाबला. लख्ख उजेड पडला आणि फट्! बल्ब गेला. दोन सेलच्या बल्बला तीन सेलचा जोर सोसत नाही, हे गणिताच्या माणसाला बल्ब गेल्यावर कळलं. तीन सेलचा बल्ब आणला, तर तो आट्यात डुगडुगायला लागला. मग सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून तो घट्ट बसवला. (मी सिगारेट ओढत नाही. त्या कागदापायी सुमन आठवडाभर माझे खिसे हुंगत होती!)

अण्णा बघून आले. “मधीच जरासा उजेड हाय. कडंनी समदा अंधार.”

हे ऐकून मी खूश झालो, कारण या दुखण्याचं कारण मला ठाऊक होतं! बल्ब आरशाच्या वाटीत बरोबर खोलीवर बसला नाही की झोत पसरत नाही. मी बल्ब अर्धा आटा बाहेर घेतला.

“आता?”

“तसंच हाय.”

पाव आटा आत.

“तसंच.”

मी भिंतीवर झोत पाडून फूटपट्टीनं मोजला. चांगला ऐसपैस गोल होता!

“म्हणजे पट्टी खोटं बोलते का, अण्णा?”

“न्हाई बाबा. तुजी पट्टी कशाला खोटं बोलंल?”

पुढे त्यांना उजेडाभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. मी काच बदलली. मग ते उंबऱ्याला अडखळले. मी चौथा सेल वाढवला. मग तांब्याला पाय लागून पाणी सांडलं, त्या दुष्काळात! मी पाचवा वाढवला. दर खेपेला नवा बल्ब आणि नवी चांदी. शेखचाचा म्हणाले, “भाऊसाहेब, आणखी एक डाग दिला तर ही सरळ पाण्यालाच टेकंल. मग उजेड कशाला पायजे?” एसटीच्या कंडक्टरनं तर तिचं अर्धं तिकीट मागितलं!

पाच सेल झाले त्या संध्याकाळी मी स्वतः अण्णांबरोबर विहिरीवर गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी ऐकायला. झोत तळाला भिडला. पाणी चकाकलं. कपारीतल्या दगडावर एक कासव बसलं होतं, ते मान वर करून आमच्याकडे बघायला लागलं.

“दिसलं का, अण्णा?”

“न्हाई रं. मिणमिणतीच हाय.”

“मिणमिणती? अहो, कासवाच्या पाठीवरची नक्षी दिसतेय!”

“कुठाय कासव?” अण्णा म्हणाले. मग “बल्ब नीट बसला नसंल,” असं म्हणत त्यांनी बॅटरी उलटी फिरवली आणि आपल्याच तोंडासमोर धरली. मी नुसता शेजारी उभा होतो, तरी मला मान वळवावी लागली. अण्णा पापणीही न हलवता त्या झोताकडे बघत राहिले.

“बघ. हाय का न्हाई मिणमिणती?”

मी हात लांब करून खटका बंद केला. बॅटरी विझली हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

घरी येताना मी त्यांचा हात धरला. “आरं, वाट माज्या पायांला पाठ हाय,” ते म्हणाले. पण हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नगर गाठलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी खिशातून बॅटरी काढली. एका सेलची, बोटाएवढी! तिचा झोत त्यांनी अण्णांच्या एका डोळ्यात टाकला, मग दुसऱ्या. पापणीवरून दोन बोटांनी डोळे हलकेच दाबून पाहिले.

“काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उजव्या डोळ्यात थोडी उरलीय, तेवढी टिकवायचं बघू. जरा आधी आणलं असतं तर...” मग ते अण्णांकडे वळून म्हणाले, “बाबा, दिसत नाही म्हणून घरात सांगायचं नाही का?”

“सांगत हुतो की! रोज सांगत हुतो,” अण्णा म्हणाले. मग मला कमीपणा येऊ नये म्हणून असेल, घाईघाईनं पुढे म्हणाले, “पोरगं लई कामाचं हाय, साहेब. दर येळी बल्ब बदलून द्यायचं.”

डॉक्टरांनी बोटाएवढी बॅटरी खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

“बल्ब नीट बसत नव्हता, साहेब,” मी म्हणालो.