अम्मी पुढच्या दाराने गेली

आखातातल्या खलिफा सिटीत मुलाच्या घरी काल कपाटाला पॉलिश केलं आणि त्या वासाने मी साठच्या दशकातल्या दुबईत पोचले. तिथल्या खाडीकाठच्या हॉटेलच्या लॉबीत असाच वास यायचा.

अब्बा तिथे मुख्य आचारी होते. लॉबीत इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या भव्य रेल्वे हॉटेलचं चित्र होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या त्या हॉटेलात अब्बांचे मॅनेजरसाहेब काम शिकले होते. तिथलाच कायदा त्यांनी दुबईत लावला होता: नोकरांच्या घरच्यांनी मागच्या दाराने यायचं.

अम्मी आणि मी रत्नागिरीहून नुकत्याच आलो होतो. अब्बांनी कायदा सांगितला होता, तरी अम्मी सरळ पुढच्या दाराने शिरली आणि चित्राखालच्या मखमली खुर्चीत बसली.

साहेब धावत आले. "किचन पीछे है."

"किचन में काम नहीं. चाय पीने का है," अम्मी म्हणाली.

सगळे बघायला लागले. मी तिचा बुरखा ओढत रडकुंडीला आले. "अम्मी, चल ना!" ती हलली नाही.

तेवढ्यात अब्बा किटली घेऊन आले. त्यांनी सर्वांसमोर अम्मीला चहा ओतून दिला. "ये मेरी बीवी है, साहब. ये उठेगी तो मैं भी उठेगा."

त्याच संध्याकाळी हॉटेलात मोठी मेजवानी होती आणि सगळा स्वयंपाक अब्बांच्या हाती होता. साहेब आल्या पावली परत गेले. अब्बांची नोकरी टिकली आणि अम्मी पुढेही त्याच दाराने जात राहिली.

तेव्हा मला तिची लाज वाटली होती. आज वाटतं, तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिथे बसायला हवं होतं.